अण्णांची पद्मिनी आणि प्लॅटिनमची जाळी

आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर राहणाऱ्या काकूंना दमा आहे. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी आणि आमची गाडी उभी करायची जागा यांत जेमतेम सहा फुटांचं अंतर. अण्णा, म्हणजे माझे वडील, होते तोवर काकू कधी काही बोलल्या नाहीत. अण्णांनी किल्ली फिरवली की खिडकी लावल्याचा आवाज यायचा, एवढंच. २००६ साली अण्णा गेले आणि १९८१ची ती प्रीमियर पद्मिनी माझ्याकडे आली. एके दिवशी काकू जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "अरे, गाडी चालव तू, अण्णांची आठवण आहे ती. पण तो वास आला ना, की माझी सगळी सकाळ जाते बघ."

गाडी विकून टाकणं हा एक उपाय होता. तो माझ्याच्यानं झाला नाही. कुणीतरी म्हणालं, नव्या गाड्यांना असतो तसा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवून घे, वास जाईल. मी वाणिज्य शाखेचा, नोकरी बँकेतली. यंत्रांचं शिक्षण म्हणजे जुन्या बाजारात वजनावर घेतलेली इंजिनियरिंगची पुस्तकं आणि नाना पेठेतल्या एका गॅरेजात तासन्‌तास उभं राहून मारलेल्या गप्पा. हा कन्व्हर्टर म्हणजे चहाच्या गाळणीसारखं काहीतरी असावं, धूर एका बाजूनं शिरतो आणि गाळून दुसऱ्या बाजूनं निघतो, अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली. ती का चुकीची, हे समजून घेण्यात माझं दीड वर्ष गेलं.

आधी वासाबद्दल. पेट्रोल पूर्ण जळलं तर त्यातून पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि या दोघांनाही वास नाही. नाकाला झोंबतं ते अर्धवट जळलेलं: न जळता निसटलेले हायड्रोकार्बन आणि अर्ध्या वाटेवर थांबलेली आल्डिहाइडं. अर्धवट ज्वलनातून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड हा त्यांतला सर्वांत घातक वायू, पण त्याला मात्र अजिबात वास येत नाही. म्हणजे नाक आपल्याला निम्मीच बातमी देतं. सायलेन्सरचा पाइप लांब करून वास दुसरीकडे नेता येतो, गाडीत सुगंधी डबी टांगता येते. त्यानं बातमी दडते, घटना जागच्या जागी राहते.

कन्व्हर्टर ही गाळणी नसून एक चूल आहे. इंजिनात जे जळायचं राहिलं ते तो पुढे पाइपात जाळतो, तेही ज्योतीविना. हे शक्य आहे हे माणसाला मोटारगाडीच्या कितीतरी आधी कळलं होतं. खाणकामगारांच्या सुरक्षादिव्यासाठी प्रसिद्ध असलेल्या हम्फ्री डेव्हीनं १८१७ साली दाखवून दिलं, की तापवलेली प्लॅटिनमची बारीक तार दगडी कोळशाच्या वायूच्या आणि हवेच्या मिश्रणात धरली तर ज्योत नसतानाही ती लालबुंद राहते. वायू तारेच्या पृष्ठभागावर जळत राहतो आणि तार मात्र खर्च होत नाही. पुढे १८३५ साली बर्झेलियसनं या प्रकाराला 'कॅटॅलिसिस' हे नाव दिलं. आपण शाळेत ज्याला 'उत्प्रेरक' म्हणून घोकलं तो हाच.

मोटारीच्या धुराला ही युक्ती लावली ती यूजीन हूद्री या फ्रेंच माणसानं. हूद्री पहिल्या महायुद्धात रणगाड्यावर लढला होता आणि त्याला शर्यतीच्या गाड्यांचं वेड होतं. उत्प्रेरक वापरून जड तेलापासून उत्तम पेट्रोल काढण्याची त्याची पद्धत अमेरिकेत १९३७ मध्ये मोठ्या प्रमाणावर सुरू झाली, आणि दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इंधनासाठी ती फार मोलाची ठरली. म्हणजे ज्यानं जगाला पेट्रोल पुरवलं, त्यानंच उतारवयात पेट्रोलच्या धुराचा घोर लावून घेतला. लॉस एंजेलिसवर साचणाऱ्या धुरक्याची चर्चा सुरू झाली होती त्या काळात, १९५०च्या सुमारास, त्यानं यासाठी वेगळी कंपनी काढली. १९५६ मध्ये त्याला अमेरिकी पेटंट मिळालं. त्याची उपकरणं प्रत्यक्षात बसली ती बंदिस्त गोदामांत माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टसारख्या यंत्रांवर, जिथे माणसं आणि धूर एकाच छपराखाली कोंडलेली असत.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो. नव्या गाडीसाठी जन्मलेली वस्तू आपण जुन्या गाडीला उसनी लावतो आहोत असं मला वाटत होतं. पण तिची सुरुवातच मुळी जुन्या, कार्ब्युरेटरच्या इंजिनाला मागाहून बसवण्यापासून झाली होती, आणि कारणही काकूंच्या खिडकीसारखंच होतं.

मग रस्त्यावरच्या गाड्यांपर्यंत ती का पोचली नाही? कारण शिसं. इंजिनातली ठोठो थांबवण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळायची टूम १९२१ साली थॉमस मिजलीनं शोधली होती, आणि पुढे ती जगभर रूढ झाली. हे शिसं प्लॅटिनमवर थर धरतं आणि चूल विझते. हूद्री १९६२ मध्ये वारला तेव्हा त्याचं उपकरण गोदामातच होतं. अमेरिकेत १९७०चा हवाशुद्धीचा कायदा आला, त्यामागोमाग शिसेविरहित पेट्रोल आलं, आणि १९७५च्या मॉडेलपासून तिथल्या बहुतेक गाड्यांना कन्व्हर्टर लागले. लहान मुलांच्या मेंदूला शिशानं होणारी इजा ही या बदलाची त्याहून मोठी मिळकत, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आपल्याकडे हे सगळं वीस वर्षांनी घडलं. सर्वोच्च न्यायालयात चाललेल्या प्रदूषणाच्या खटल्यांच्या रेट्यानं, एप्रिल १९९५पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि तिथल्या पंपांवर शिसेविरहित पेट्रोल आलं. देशभर ते सक्तीचं व्हायला फेब्रुवारी २००० उजाडावा लागला. मधल्या पाच वर्षांत मुंबईची नवी कोरी गाडी घेऊन कुणी गावाकडे निघाला आणि वाटेतल्या पंपावर जुनंच पेट्रोल भरलं, तर कन्व्हर्टरवर शिशाचं पहिलं पूट तिथेच चढायचं. त्या वर्षांतल्या आपल्या बहुतेक गाड्या कार्ब्युरेटरच्याच होत्या. म्हणजे माझा घरगुती प्रयोग कारखान्यांनी त्यापूर्वीच, सरकारी हुकमानं, करून पाहिला होता.

आता अडचण काय आहे ते. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. आजच्या कन्व्हर्टरला 'थ्री-वे' म्हणतात, कारण तो तीन कामं एकदम करतो: कार्बन मोनॉक्साइड जाळतो, हायड्रोकार्बन जाळतो, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांमधला ऑक्सिजन काढून घेतो. पहिल्या दोन कामांना ऑक्सिजन हवा, तिसऱ्याला तो नको. ही तिन्ही साधायची तर हवा-पेट्रोलचं प्रमाण त्या १४.७च्या अगदी जवळ धरून ठेवावं लागतं. त्यासाठी धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आणि क्षणाक्षणाला पेट्रोल कमी-जास्त करणारी यंत्रणा लागते. व्होल्वोनं १९७७च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात ती विकायला आणली. कार्ब्युरेटर बिचारा यातला नाही. त्याच्यात आहे काय, तर एक फ्लोट, दोन-तीन जेट, एक चोक आणि हवेच्या ओढीवर वर येणारं पेट्रोल. तो अंदाजानं मीठ घालणाऱ्या आजीसारखा आहे. स्वयंपाक होतो, पण रोजची चव सारखी असेलच असं नाही. थंड इंजिन नीट चालावं म्हणून त्याचा कल पेट्रोल थोडं जास्त देण्याकडेच असतो.

म्हणून जुन्या गाडीला कन्व्हर्टर लावला तर तो फक्त पहिली दोन कामं करू शकतो, आणि त्यासाठी लागणारी हवा वेगळी पुरवावी लागते. जर्मनीत १९८५च्या सुमारास करसवलत देऊन असे सेन्सरविना चालणारे कन्व्हर्टर जुन्या गाड्यांना बसवले गेले. त्यांनी धुरातली घाण ढोबळमानानं निम्मी होई. निम्मी म्हणजे काहीच नाही असं नव्हे, पण नव्या गाडीशी बरोबरीही नव्हे.

यातलं काहीच ठाऊक नसताना मी पहिला प्रयत्न केला. अपघातात मोडीत निघालेल्या एका गाडीचा कन्व्हर्टर जुन्या बाजारात मिळाला. आत चिनीमातीसारखं मधाचं पोळं, चौरस इंचाला शेकडो घरं. त्यावर अॅल्युमिनाचा खडबडीत लेप, ज्याच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग शंभर चौरस मीटरहून जास्त भरतो, आणि त्यावर शिंपडल्यासारखे प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचे कण. मेस्त्रींनी तो कानाजवळ धरून हलवला. आत खुळखुळ नाही, म्हणजे पोळं फुटलेलं नाही. उजेडाकडे धरून आरपार पाहिलं. मग म्हणाले, "बसवून देतो साहेब, पण घरात गॅस लीक असताना एक्झॉस्ट फॅन लावून काय उपयोग?" मी ऐकलं नाही. वेल्डरनं पाइप कापून कन्व्हर्टर मध्ये बसवला.

चौथ्या दिवशी सोसायटीत ड्रेनेज तुंबल्याची तक्रार झाली. दोन झाकणं उघडून पाहिली, काही सापडलं नाही. त्या शोधमोहिमेत मी स्वतः बॅटरी धरून उभा होतो. संध्याकाळी गाडी आणून उभी केली आणि दार उघडताच माझ्याच नाकात सडक्या अंड्यांचा भपकारा शिरला. ड्रेनेज आमच्या सायलेन्सरमध्ये होतं.

कारण नंतर कळलं. पेट्रोलमध्ये थोडं गंधक असतंच. त्या वेळी पुण्यात मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये ते दहा लाखांत १५० भागांपर्यंत चालत असे. ते जळून सल्फर डायऑक्साइड होतं. पुढे कन्व्हर्टरमध्ये ऑक्सिजन असेल तर ते तसंच निघून जातं किंवा लेपात साठतं. पण पेट्रोल फार आणि हवा कमी असेल तर तोच उत्प्रेरक गंधकाची हायड्रोजनशी गाठ घालून देतो आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्यांचा वास तो हाच. उपाशी कन्व्हर्टरनं एक वास घालवायच्या ऐवजी दुसरा बनवून दिला होता.

मग मी मेस्त्रींच्या क्रमानं गेलो. त्यांनी आधी कन्व्हर्टर उतरवून ठेवला आणि सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजलं. कारण रिंगा झिजून इंजिन ऑइल जळत असेल तर ऑइलमधलं फॉस्फरस आणि जस्त प्लॅटिनमवर बसतं आणि शिशासारखाच दगा देतं. आमचं इंजिन त्यात पास झालं. नंतर पॉइंट, प्लग आणि टायमिंग. एका प्लगची वायर कधीमधी ठिणगी चुकवत होती. हे वरवर क्षुल्लक, पण कन्व्हर्टरच्या दृष्टीनं सर्वांत धोक्याचं: ठिणगी चुकली की त्या सिलिंडरचं सगळं पेट्रोल कच्चंच पुढे जातं, कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तापमान हजार अंशांपलीकडे जाऊ शकतं आणि पोळं वितळून पाइपच तुंबतो. त्यानंतर कार्ब्युरेटर. फ्लोटची सुई झिजलेली, त्यामुळे पेट्रोलची पातळी कायम वर. चोक पूर्ण मागे येतच नव्हता. अण्णा वर्षानुवर्षं तशीच गाडी चालवत होते आणि पद्मिनी पेट्रोल खाते म्हणून तिलाच बोल लावत होते.

पीयूसीच्या यंत्रावर आधी कार्बन मोनॉक्साइड ५.६ टक्के दाखवत होता. या वयाच्या गाडीला मर्यादा ३ टक्के. दुरुस्तीनंतर तो १.८ झाला. म्हणजे वासाचा मोठा वाटा कन्व्हर्टर न लावताच गेला. आणखी थोडा गेला तो भलत्याच ठिकाणांहून. टाकीचं झाकण नीट बसत नव्हतं. डिकीचं रबरी बीडिंग कडक होऊन चिरलं होतं, आणि चालत्या गाडीच्या मागे जो हवेचा भोवरा तयार होतो त्यातून धूर डिकीतून आत ओढला जात होता. जुन्या गाडीच्या ज्या वासाला लोक 'एक्झॉस्टचा वास' म्हणतात, त्यातला बराचसा एक्झॉस्टचा नसतोच.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण काकूंची खिडकी अजून लागत होती.

हवेसाठी पट्ट्यावर चालणारा पंप बसवायचा, नाहीतर एक सोपी युक्ती. इंजिनाचा धूर अखंड वाहत नाही, ठोक्याठोक्यानं येतो. दोन ठोक्यांच्या मध्ये पाइपातला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो. तिथे एकाच दिशेनं उघडणारी पातळ पट्टी ठेवली, की प्रत्येक वेळी हवेचा एक घोट आत ओढला जातो. कार्ब्युरेटरच्या कित्येक दुचाकींमध्ये ही रीड व्हॉल्व्हची सोय असते. आम्ही तसे दोन व्हॉल्व्ह मॅनिफोल्डजवळ बसवले. जास्त वेगात ही युक्ती लंगडी पडते, पण मला चिंता होती ती उभ्या गाडीची. कन्व्हर्टर या वेळी इंजिनाच्या जवळ घेतला, कारण अडीचशे-तीनशे अंशांच्या खाली तो नुसता दगड असतो. वर पत्र्याचं आवरण घातलं. तापलेला कन्व्हर्टर घेऊन एप्रिलमध्ये वाळल्या गवतावर गाडी उभी करणं म्हणजे वणव्याला आमंत्रण.

यंत्रावर आकडा आला ०.३. मेस्त्री खूश झाले. मला मात्र बँकेतल्या सवयीनं शंका आली: आपण पाइपात बाहेरची हवा मिसळतो आहोत, म्हणजे टक्का नुसत्या पातळ होण्यानंही उतरणार. दुधात पाणी घातलं म्हणून साय जळाली असं होत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी कन्व्हर्टर थंड असताना, हवा चालू ठेवून, गाडी सुरू केल्याबरोबर मोजलं. १.४ आला. तापल्यावर पुन्हा ०.३. म्हणजे १.८ वरून १.४ ही पाण्याची करामत, आणि १.४ वरून ०.३ ही प्लॅटिनमची. असं उपकरण विकणारा कुणी फक्त आधीचा आणि नंतरचा आकडा दाखवू लागला, तर मधला आकडा जरूर विचारावा.

त्या आठवड्यात काकूंची खिडकी उघडी राहिली. मी आनंद साजरा केला, आणि नंतर पुस्तकात तिसऱ्या कामाशी येऊन अडलो. नायट्रोजनची ऑक्साइडं. माझा कन्व्हर्टर त्यांना हात लावत नाही. इंजिन निवांत फिरत असतं तेव्हा आतलं तापमान कमी, म्हणून ती फारशी बनत नाहीत. ती बनतात गाडीवर जोर पडतो तेव्हा, चढावर, वेगात. शिवाय पेट्रोल कमी करून ज्वलन सुधारलं की ती काहीशी वाढतातच. त्यांतला नायट्रोजन डायऑक्साइड दम्याच्या माणसाच्या श्वासनलिकेला त्रास देतो. म्हणजे काकूंच्या खिडकीपाशी मी धूर खरोखर साफ केला होता, पण सिंहगड रस्त्याच्या चढावर असलेल्या कुण्या दुसऱ्या काकूंसाठी काहीच केलं नव्हतं, कदाचित थोडं बिघडवलंच होतं. कार्ब्युरेटर आहे तोवर यावर माझ्याकडे उपाय नाही. मी गाडी कमी चालवतो, आठवड्यातून एकदा.

मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ची होती. वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३मध्ये ती रस्त्यावरून उतरली तेव्हा वर्तमानपत्रांनी हळवे मथळे दिले. मीही हळवा झालो, पण त्या टॅक्स्यांचा धूर ज्यांनी सिग्नलवर उभं राहून चाळीस वर्षं घेतला, त्यांचं काय मत असेल, हेही मनात येऊन गेलं.

इकडे पेट्रोल पुन्हा बदललं आहे. गंधक २०२०पासून दहा लाखांत १० भागांवर आलं, त्यामुळे सडक्या अंड्यांची भीती जवळपास गेली. पण आता वीस टक्के इथेनॉल आलं. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असल्यानं त्याला हवा कमी लागते. अशा पेट्रोलचं प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या आसपास येतं. जेट तेच ठेवले तर माझ्या कार्ब्युरेटरला पेट्रोल कमी पडतं. धुराला हल्ली किंचित आंबूस वास येतो. मेस्त्री आता थकले आहेत. त्यांचा मुलगा म्हणतो, जेट एक नंबर मोठा टाकून बघू. ते काम दिवाळीनंतर.

काकू ऐंशी ओलांडून गेल्या आहेत. एक गोष्ट मात्र मला सोडवता आलेली नाही: कन्व्हर्टर तापेपर्यंतची पहिली दोन-तीन मिनिटं. तेवढा वेळ तो दगड असतो आणि धूर पूर्वीसारखाच निघतो. म्हणून रविवारी सकाळी गाडी मी फाटकाच्या आत सुरूच करत नाही. न्यूट्रलमध्ये टाकून मी आणि भाचा ती ढकलत बाहेर काढतो. सुरुवातीला कोपऱ्यापर्यंत न्यायचो. पण कोपऱ्यावर फुलवाल्या मावशी बसतात. त्यामुळे आता आणखी पुढे, मैदानाच्या भिंतीपर्यंत ढकलतो आणि तिथे किल्ली फिरवतो.